जुन्या एमएक्स-५ चं इंटिरियर: चामडं निवडण्याआधी उतरवलेल्या सामानाचं बोला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची छोटी गाडी, घेतलीय, इंजिन ठणठणीत आहे, पण सीटचं काळं कापड विटलंय आणि दारांचे पॅड खालून फुगलेत. एका वर्कशॉपने लाल चामड्यात चौकटीच्या शिलाईच्या सीट, त्याच चामड्याने मढवलेला डॅशबोर्ड आणि कन्सोलवर कार्बनसारखी फिल्म असं सगळं एकत्र सुचवलंय. तुम्हाला ते आवडलंय, तरी मन कचरतंय. माझ्याकडे हीच गाडी आहे आणि माझ्यासमोरही जवळजवळ हाच प्रस्ताव ठेवला गेला होता. म्हणून सविस्तर लिहितो.

मी अपहोल्स्ट्रीचा व्यवसाय करत नाही, गाडी वापरणारा माणूस आहे. रंगाबद्दल जे लिहीन ते माझं मत समजा. एअरबॅग आणि वायरिंगबद्दल मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय काहीही करू नका.

मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे चामड्याचा दर्जा, धाग्याचा रंग, पायपिंग (शिवणीवरची गोल कड) यावर बोलतात. माझ्या गाडीचं काम ज्या वर्कशॉपने केलं त्यांनी जुनी सीट कव्हरं उसवून त्यांच्यावरून नमुने काढले, नवीन कव्हरं शिवली आणि जुनी टाकून दिली. दाराचे जुने पॅडही टाकले. मला विचारलं नाही, कळवलंही नाही. गाडी आणायला गेलो तेव्हा जुनं सामान मागितलं, तर उत्तर आलं, "नवीन दिलंय ना, जुनं कशाला हवंय?" नमुन्याचे कागद मागितले, तर म्हणाले, ते आमच्या कामाचा भाग आहेत, देत नाही. पुढे ते कागदही त्यांनी सांभाळले नाहीत, हे नंतर कळलं.

यात काय गेलं ते नीट समजून घ्या. या गाडीचं मूळ सीटचं कापड साधं काळं कापड नव्हतं. माझदाचे डिझायनर शुंजी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गाडी घडवताना जपानी वस्तूंमधून बरंच काही घेतलं आणि सीटच्या कापडाची वीण तातामी चटईवरून घेतली. तुमचं कापड विटलेलं असलं तरी जवळून बघा, ती वीण दिसेल. बाजारात जाऊन मीटरवर मागता येईल असं ते कापड नाही. माझ्या सीट जागोजाग फाटल्या होत्या, पण पाठीच्या मागचा आणि सीटखाली दुमडलेला भाग उन्हापासून वाचल्यामुळे जवळजवळ कोरा होता. त्यातून दुरुस्तीपुरते तुकडे सहज निघाले असते. ते सगळं कचऱ्यात गेलं.

दुसरं नुकसान हळूहळू उघड झालं. कव्हराच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्ट्या असतात, त्यांत तारा ओवलेल्या असतात, आणि त्या तारा कड्यांनी फोममध्ये ओढून बांधलेल्या असतात. पाठीचा खोलगट आकार त्यामुळेच टिकतो. वर्कशॉपने जुन्या कव्हरांबरोबर काही ताराही फेकल्या आणि त्या जागी गोंद वापरला. पहिल्या उन्हाळ्यातच गोंद सुटला. पाठीतलं चामडं फोमपासून वेगळं होऊन ताणलेल्या पडद्यासारखं उभं राहिलं. टेकलं की आत दबायचं, उठलं की पुन्हा वर यायचं. या गाडीत चढता-उतरताना ड्रायव्हरच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार येतो, तिथलं चामडंही घासलं. तो एक तुकडा बदलायचा म्हटलं तर ना जुनं कव्हर, ना नमुना. दुसऱ्या कारागिराने अंदाजाने कापला आणि शिवणीची रेघ शेजारच्या रेघेला मिळाली नाही. तो कारागीर प्रामाणिक होता, त्याच्या हातात काहीच नव्हतं. आजही दार उघडलं की माझी नजर आधी त्या रेघेवर जाते.

तक्रार केली तेव्हा वर्कशॉपचं म्हणणं एकच, कामाच्या कागदावर जुनं परत देण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू टाकून द्यायला लेखी मनाई लागते, हे मला आजही पटत नाही. पण अनुभव असा आहे, तर लिहून घ्या. उतरवलेला प्रत्येक भाग, कव्हरं, पॅड, तारा, क्लिपा, स्क्रू, सगळं मालकाला परत. नवीन काम जुन्या कव्हरावर न चढवता वेगळं शिवायचं. नमुन्यांची एक प्रत मालकाला द्यायची. हे मान्य करायला जो कुरकुर करेल त्याच्याकडे गाडी सोडू नका, त्याची शिलाई कितीही सुबक असो. गाडी देण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा, आतल्या बाजूचेही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. चौकटीची शिलाई करू नका. मोठ्या, जड, बंद आलिशान गाडीत ती शोभते. इथे सीट लहान आहेत, दार हातभर अंतरावर आहे, तिथे इतक्या रेघा आल्या की डोळ्याला विसावा मिळत नाही. दिसण्याचं सोडा, व्यवहाराचं बघा. ही उघड्या टपाची गाडी आहे. चौकटीच्या शिलाईत सुईची शेकडो भोकं पडतात आणि पावसाची सर आली की पाणी त्यांतून थेट फोममध्ये उतरतं. वरून चामडं पुसून कोरडं होतं, आतला फोम कितीतरी दिवस दमट राहतो. शिवाय या शिलाईखाली फोमचा जादा थर घालतात, म्हणजे बसायची उंची वाढते. तुम्ही उंच असाल तर काचेच्या वरच्या चौकटीची कड बरोबर डोळ्यांसमोर येईल. या गाडीचे उंच मालक उलट सीटचा फोम कापून कमी करतात, यावरून काय ते समजा. सरळ उभ्या पट्ट्यांची साधी शिलाई घ्या, तीही फक्त मधल्या भागात. कडा सपाट ठेवा.

तुमच्या सीटच्या डोक्याच्या भागात स्पीकर आहेत का तेही बघा. या गाडीच्या काही प्रकारांत ते होते. असतील तर त्या जागी बारीक भोकांचं चामडं लागेल, नाहीतर आवाज दबून जाईल. कारागिराला हे आपणहून सांगा, त्याला माहीत असेलच असं नाही.

रंग. लाल वाईट नाही, पण तुमच्या गाडीचा बाहेरचा रंग तुम्ही लिहिलेला नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. बाहेर लाल असेल तर आत लाल नको. दोन लाल कधीच एकसारखे नसतात, आणि उघड्या गाडीत आतलं-बाहेरचं एकाच नजरेत दिसतं. माझदाने स्वतः काय केलं ते बघा. १९९० मध्ये जपानात व्ही-स्पेशल आली. बाहेर गडद हिरवा, आत तपकिरी चामडं, नार्डी या इटालियन कंपनीचं लाकडी स्टीअरिंग आणि तसाच गिअर नॉब. हा मेळ आजही जुना वाटत नाही, कारण रंग दोनच आहेत आणि लाकूड हाताचा स्पर्श होतो तेवढ्याच जागी आहे. डॅशबोर्डवर लाकूड चिकटवलेलं नाही. तुम्ही हाच मेळ घ्या असं म्हणत नाही, पण प्रमाण तिथून शिका. आत एक मुख्य रंग, एक काळा आणि फार तर एक धातू किंवा लाकूड. यापलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

डॅशबोर्डचा वरचा भाग काळा आणि बिनचमकीचाच राहू द्या. इथे मी मत नाही, सुरक्षितता सांगतोय. वर फिकट किंवा चकचकीत काही आलं की त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं, आणि दुपारी रस्त्यावरचा खड्डा दिसण्याऐवजी स्वतःच्या गाडीची शिलाई दिसते. चामडं मढवण्याचा दुसरा धोका उष्णतेचा. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. तिथे चामडं आकसतं, साधा गोंद मऊ होतो आणि वळणावर कड उचलली जाते. कारखान्यातला मूळ डॅशबोर्ड शाबूत असेल तर तो फक्त स्वच्छ करा. तडे गेले असतील तर चांगल्या स्थितीतला जुना शोधा.

एअरबॅगच्या झाकणावर कोणतंही आवरण नको, पातळ फिल्मसुद्धा नको. काही देशांत विकलेल्या गाड्यांना सुरुवातीपासून ड्रायव्हरची एअरबॅग होती आणि अमेरिकेत १९९४ पासून प्रवाशाच्या बाजूलाही आली. झाकण ठरलेल्या रेघेवर फुटण्यासाठी बनवलेलं असतं. वरचं आवरण ते फुटणं अडवू शकतं किंवा स्वतःच उडू शकतं.

कार्बनच्या फिल्मबद्दल एकच वाक्य: ही साधारण ९४० किलोची, साधेपणासाठी नावाजलेली गाडी आहे, तिला खोट्या कार्बनची गरज नाही.

सामग्री निवडताना दुकानातल्या दिव्याखाली काही ठरवू नका. दोन काळे किंवा दोन तपकिरी दिव्यात एक दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात. चामड्याचा, धाग्याचा, मॅटचा, पायपिंगचा असा प्रत्येकाचा तुकडा आणा आणि गाडीत मूळ प्लॅस्टिकशेजारी ठेवून सकाळी, दुपारी, ढगाळ हवेत बघा. मग तेच तुकडे अर्धे जाड पुठ्ठ्याखाली झाकून डॅशबोर्डवर उन्हात काही आठवडे सोडा. झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसला तर तो माल परत करा. एकूण कामाच्या मानाने ही परीक्षा फुकटच पडते, तरी कोणी करत नाही.

उघड्या गाडीला वर रंगाचा संरक्षक थर असलेलं चामडं घ्या. नुसतं ॲनिलीन रंगवलेलं, म्हणजे वर थर नसलेलं चामडं हाताला सुंदर लागतं, पण पाण्याचा थेंब आणि ऊन दोन्ही शोषून घेतं. जाडी १ ते १.२ मिलिमीटर पुरे, त्याहून जाड चामडं लहान वळणांवर सुरकुततं. सगळं चामडं एकाच खेपेत रंगवलेलं आणि एकदमच घ्या, वर थोडं जादा घेऊन गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. पुढच्या वेळी तोच रंग मिळेलच असं नाही. धागा बाँडेड पॉलिएस्टरचा. सुती धागा उन्हात कुजतो.

अल्कांताराबद्दल, म्हणजे मखमली चामड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम कापडाबद्दल, विचारलंय. हा पदार्थ जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये शोधला. तो चामडं नव्हे, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन आहे. सीटच्या मधल्या भागात उत्तम, घसरत नाही आणि चामड्याइतका तापत नाही. स्टीअरिंगवर मात्र हाताचं तेल लागून तो चपटा आणि चकचकीत होतो, तिथे साधं चामडंच बरं. घरच्या सोफ्याचं कापड मात्र गाडीत अजिबात नको. गाडीतल्या कापडाला आगीचा निकष असतो. अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या मानकात ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. विक्रेत्याकडे तसं प्रमाणपत्र मागा.

दाराचे पॅड फुगण्याचं कारण चामड्यात शोधू नका. पॅड दाबलेल्या लगद्याच्या पाटीचे आहेत आणि त्यांच्यामागे दारावर प्लॅस्टिकचा पडदा असतो. काचेवरून आत आलेलं पाणी तो दाराच्या तळाकडे वळवतो. हा पडदा फाटला किंवा कोणी स्पीकर बदलताना काढून टाकला की पाटी पाणी पिते. आधी पडदा नीट चिकटवा, दाराच्या तळाची भोकं मोकळी करा, मगच नवीन पॅड बसवा. नाहीतर वर कोणतंही चामडं लावा, पाटी पुन्हा फुगेल. नवीन मॅट टाकणार असाल तर टपाच्या मागच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्याही साफ करून घ्या. त्या तुंबल्या की पाणी सीटमागे साचतं.

स्टीअरिंग बदलायचं असेल तर: नार्डीच्या बोल्टांचं वर्तुळ ७४ मिलिमीटरचं आणि मोमो या दुसऱ्या स्टीअरिंग कंपनीचं ७० चं, म्हणून हब (स्टीअरिंग दांड्याला जोडणारा तुकडा) घेताना बघून घ्या. एअरबॅगवालं मूळ स्टीअरिंग काढणं तुमच्याकडे कायद्याला आणि विम्याला चालतं का ते आधी विचारा. नार्डीचं लाकडी स्टीअरिंग आणि नॉब माझदाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या जपानमधल्या पुनरुज्जीवन योजनेत पुन्हा बनवले, त्यामुळे जुन्या झिजलेल्या तुकड्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजू नका. गिअर नॉबचा आटा एम १० गुणिले १.२५ आहे, नॉब घेताना हे माप बघा. आणि तुम्ही ज्या गोल धातूच्या नॉबचा फोटो टाकलाय तो उन्हात उभ्या उघड्या गाडीत हाताला लावता येत नाही, त्याऐवजी लाकूड किंवा चामडं बघा.

तुमच्या गाडीचा बाहेरचा रंग आणि सीटच्या पाठीमागच्या कापडाचा फोटो टाका. तिथलं कापड चांगलं निघालं तर मधल्या भागात तेच ठेवून फक्त कडा चामड्यात करता येतील का, ते बघून सांगतो. मला स्वतःला तसं करायचं होतं. आणि वर्कशॉपशी बोलणं पक्कं होईपर्यंत सीट उसवू देऊ नका.