बोटीवरचे शौचालय : यंत्र की टाकी?

प्रश्न : उजनी धरणात पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी आम्ही दोन खोल्यांची मुक्कामाची बोट बांधतो आहोत. चार पाहुणे आणि दोन कामगार राहतील. विक्रेता म्हणतो, मैला शुद्ध करून पाणी तिथेच सोडणारे यंत्र घ्या, टाकी उपसण्याची कटकट राहणार नाही. अमेरिकेत हेच चालते. यंत्र घ्यावे का? – एक वाचक, करमाळा

उत्तर : नको. टाकीच बसवा.

विक्रेत्याने अमेरिकेचे अर्धेच सांगितले आहे. तिथे बोटीवरच्या व्यवस्थेचे तीन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात मैला दळून निर्जंतुक करतात. बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १००० पर्यंत चालतात. असे यंत्र ६५ फुटांपर्यंतच्या बोटींनाच वापरता येते. दुसऱ्या प्रकारात ही मर्यादा २०० आहे, शिवाय तरंगता गाळ लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही. तिसरा प्रकार म्हणजे नुसती साठवण टाकी. पण ज्या गोड्या पाण्याच्या तलावात किंवा धरणात बाहेरून बोटी ये-जा करू शकत नाहीत, तिथे त्याच देशात शुद्ध केलेला मैलाही सोडायला बंदी आहे. उजनी नेमकी तशीच आहे.

बंदीमागचे कारण आपल्याला तर अधिकच लागू पडते. यंत्र जंतू मारते, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यातच राहतात, आणि जलपर्णी व हिरवे शेवाळ त्यांच्यावरच पोसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत येतेच. हेच पाणी सोलापूर शहर पिते. त्यात आपल्या हाताने एक थेंबही भर घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. कायदाही तेच सांगतो : १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमानुसार प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून जलाशयात सोडता येत नाही, आणि मानवनिर्मित जलाशयही त्यात येतो.

शिवाय ही यंत्रे इथे नीट चालणारही नाहीत. विजेने क्लोरीन तयार करणाऱ्या यंत्राला खारे पाणी लागते. उजनीत दर वेळी मीठ घालावे लागेल. मीठ कमी पडले की जंतू मरत नाहीत, आणि ते बाहेरून कळतही नाही. जिवाणूंवर चालणाऱ्या यंत्राला चोवीस तास हवा आणि रोजचा मैला हवा. शनिवार-रविवारीच भरणाऱ्या बोटीत आठवडाभर जिवाणू उपाशी मरतात आणि पाहुणे आले की कच्चाच मैला पुढे सरकतो.

आता टाकीचे माप. सहा माणसे, दिवसाला प्रत्येकी सहा वेळा, म्हणजे ३६ फ्लश. घरातला ६ लिटरचा फ्लश बसवलात तर रोज २१६ लिटर होतात. बोटीसाठीच्या हातपंपाच्या भांड्याला ३ लिटर धरले तर १०८. दोन दिवसांच्या मुक्कामाचे २१६ लिटर, त्यावर पाव भाग मोकळा ठेवायचा. म्हणून ३०० लिटरची टाकी घ्या. हवेच्या ओढीने मैला खेचणारे निर्वात भांडे महाग असते, पण ते फ्लशला लिटरभर किंवा त्याहून कमी पाणी घेते, त्यामुळे टाकी निम्म्याहून लहान होते.

भरलेली टाकी म्हणजे ३०० किलो. ती बोटीच्या मध्यरेषेवर, शक्य तितकी खाली, पक्की बांधून बसवा आणि पाणी हेलकावू नये म्हणून आत आडपडदे ठेवा. अर्धी भरलेली टाकी जास्त धोक्याची, कारण बोट कलली की पाणी त्याच बाजूला धावते आणि बोट आणखी कलते. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी मार्गावर वादळात बोट उलटून सहा जण बुडाले, हे विसरू नका. बोटी तपासणाऱ्या सर्वेक्षकाकडून टाकी रिकामी, अर्धी आणि भरलेली धरून स्थैर्य तपासून घ्या. टाकी जाड पॉलिथिनची असावी. ॲल्युमिनियमला लघवी खाते, आणि स्टेनलेस स्टीलही जोडाच्या जागी गळू लागते.

खरी अडचण उपशाची आहे. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, उन्हाळ्यात पाणी इतके मागे हटते की पावसाळ्यातला धक्का कोरड्यात पडतो. काळ्या गाळात मैला उपसणारी गाडी रुतते, आणि गाडी लांब उभी करावी तर खालून ओढण्याला मर्यादा आहे : सहा-सात मीटर उंचीच्या पुढे व्यवहारात काही येत नाही. म्हणून ओढण्यापेक्षा ढकला. बोटीवर डायाफ्राम पंप (लवचिक पडद्याच्या हालचालीने मैला ढकलणारा) बसवा आणि लांब नळीने वर उभ्या गाडीच्या टाकीत सोडा. नळी जोडण्याआधी नगरपरिषदेशी लेखी ठरवा की मैला कोणत्या शुद्धीकरण केंद्रावर जाईल. तसे ठरले नसेल तर तो ओढ्यात ओतला जातो आणि पावसात धरणातच परततो.

प्रश्न : टाकी बसवली, पण बोटीत वास येतो. फिनाईल टाकूनही जात नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : फिनाईल बंद करा. ते चांगल्या जिवाणूंनाही मारते. हवा मिळाली नाही की सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तोच कुजक्या अंड्याचा वास. टाकीत हवा खेळवणारी हवा-नळी किमान २५ मिलिमीटरची, आखूड आणि चढती हवी. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना एकेक. तोंडावरची जाळी कोळिष्टकांनी किंवा गांधीलमाशीच्या घरट्याने बुजते, दर पंधरवड्याला पाहा. बुजलेल्या नळीसह उपसा केला तर टाकी आत चेपते.

हवा ठीक असेल तर नळ्या तपासा. कढत पाण्यात बुडवून पिळलेले फडके नळीभोवती गुंडाळा आणि थंड झाल्यावर हुंगा. फडक्याला वास आला तर नळीतून वास झिरपतो आहे. शेतातली सक्शन नळी लावली की असेच होते. बोटीच्या मैलासाठीची जाड रबरी नळीच लावा आणि नळीत पाणी साचेल अशी खोलगट जागा ठेवू नका. कठीण पाण्यामुळे आत पांढरा थर धरतो. त्यासाठी महिन्याला लिटरभर व्हिनेगर रात्रभर ठेवा. ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन निघतो.

प्रश्न : हिप्परगा तलावात अर्ध्या तासाच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटी घातल्या तर त्यांवर शौचालय लागेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. काठावर स्वच्छ शौचालय बांधा, तेही पूर्ण पातळीच्या वर, आणि त्याची टाकी पक्क्या तळाची ठेवा. शोषखड्डा काठाजवळ नको.