पहिल्यांदाच लॅपटॉप घेऊन, तिथूनच ऑफिसचं काम करायला एकटी मालवणला निघालीयेस ना, मग हे वाच

अगं मस्त, नक्की जा! फक्त सुरुवातीला सगळे करतात ती चूक टाळ, चार दिवसांत मालवण, वेंगुर्ला, गोवा असं पळू नकोस. निदान दोन आठवडे एकाच ठिकाणी रहा, आणि जागा बदलायचीच झाली तर शनिवारी बदल, कामाच्या दिवशी प्रवास अजिबात नको.

बुकिंगआधी फोन करून एवढं विचार:
- खोलीत टेबल-खुर्ची आहे का? (बेडवर बसून आठ तास, पाठ जाते गं)
- वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर आहे का?

दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता, तारकर्लीला ऐन क्लायंट कॉलमध्ये लाईट गेली, पंखा फिरतोय, दिवा चालू, आणि राउटर बंद!! तेव्हापासून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवते, आणि पोचल्या पोचल्या त्याच टेबलावर बसून दोन्हीची रेंज बघते. पावसाळ्यात तर हे हवंच.

ट्रेन कुडाळला उतरवते, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, म्हणून पहिल्या वेळी दिवसा पोचणारी गाडीच घे. घरी पत्ता आणि होमस्टेवाल्या काकूंचा नंबर देऊन ठेव. बाकी टॅक्स, इन्शुरन्स वगैरे नंतर बघू, आधी ही एक ट्रिप करून ये.