थोरलीची वही मिटून ठेव

*«काकू, मला साडेचार वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा आहे. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. मुलीच्या वेळी मी एक वही केली होती. पालथी कधी पडली, बसली कधी, रांगली कधी, पहिलं पाऊल कधी टाकलं, सगळं तारखेनिशी लिहिलंय. साडेदहा महिन्यांत ती चालायला लागली. धाकट्याची एकही नोंद नाही. तो पालथा कधी पडला तेसुद्धा मला आठवत नाही. आठव्या महिन्यात कधीतरी बसला. अजून रांगत नाही, नुसता बुडावर सरकतो. मोबाईलमधलं ॲप रोज लाल खूण दाखवतं. जावेचा मुलगा त्याच्याच वयाचा, तो धरून उभा राहतो. दीरांनी चाकांचा वॉकर आणून दिलाय. सासूबाई म्हणतात, दुसरं पोर आपसूक वाढतं. हे छाटणी आणि फवारणीत, पहाटे जातात ते रात्रीच येतात. याला सांभाळणं म्हणजे कसरत. दीदी शाळेतून आली की कडीचा आवाज ऐकून असा सरकत सुटतो की उंबऱ्याला आपटतो. मग तिच्या ताटलीतला एक एक चुरमुरा दोन बोटांनी उचलून तोंडात घालतो, ओरडलं की माझ्याकडे बघून हसतो. रात्री दोनला मला जाग येते, वही काढून बसते आणि रडू येतं. तारखेच्या महिनाभर आधीच सिझर करावं लागलं होतं, त्यामुळे काही राहून गेलं असेल का? की माझंच दुर्लक्ष झालं?»*

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचली ती तुझी काळजी. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ज्या ओळी तू तक्रार म्हणून लिहिल्या आहेस, त्यांच्याखाली रेघा ओढल्या.

कडी वाजली की त्याला कळतं. म्हणजे त्याला ऐकू येतं. एवढंच नाही, ही कडी वाजली की दीदी येते हेही त्याच्या लक्षात राहिलंय. मग तो आपल्या पायांनी, आपल्या पद्धतीनं तिच्याकडे निघतो. तू ओरडलीस की तुझ्या तोंडाकडे बघतो आणि हसतो, म्हणजे तुझा राग खरा की खोटा हे तो तुझ्या चेहऱ्यावर वाचतोय. आणि तो चुरमुरा! बाळ आधी पंजानं सगळं ओरबाडून घेतं. अंगठा आणि शेजारचं बोट यांची चिमूट जमायला नववा-दहावा महिना उजाडतो, कुणाला वर्षही लागतं. चुरमुऱ्यासारखी हलकी, घरंगळणारी वस्तू चिमटीत धरून नेमकी तोंडापर्यंत नेणं ही मोठी गोष्ट आहे. थोरलीच्या वहीत चिमटीची तारीख आहे का, बघ. मला वाटतं नसेल. आपण पाय मोजतो, बोटं मोजायची राहून जातात.

आता त्या एका वाक्याकडे येते, जे तू शेवटी घाईघाईत लिहिलंस: सिझर तारखेच्या महिनाभर आधी झालं. हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाची प्रगती पाहताना डॉक्टर जन्मतारखेपासून वय धरत नाहीत, बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथून धरतात. दोन वर्षांचा होईपर्यंत हा हिशेब चालतो. म्हणजे प्रगतीच्या दृष्टीनं तुझा लेक दहाचा नाही, नऊ महिन्यांचा आहे. आठव्यात बसला असं तू म्हणतेस, तो सातव्यात बसला. पोटातला जो महिना त्याला मिळाला नाही, तो तू, तुझं ॲप आणि जाऊबाईंचं लेकरू, सगळे मिळून त्याच्याकडून वसूल करताय. ॲपमध्ये प्रसूतीची अपेक्षित तारीख भरायची सोय असेल तर ती भर, नसेल तर ते काढून टाक. फक्त लसीला हा हिशेब लावू नकोस. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि जीवनसत्त्व 'अ' नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतं. ते झालं नसेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशीच घेऊन जा. वेळेआधी झालेल्या बाळांच्या अंगात लोहाचा साठाही कमी असतो, तेव्हा त्याचं लोहाचं औषध चालू आहे ना, हेही त्याच दिवशी विचार.

ॲपच्या लाल खुणेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रात्री दोनला तीच तुला छळते. अशा यंत्रात बहुतेक वेळा सरासरी वय भरलेलं असतं. सरासरीचा अर्थच असा की कितीतरी धडधाकट मुलं ती गोष्ट त्या तारखेनंतर करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकेका टप्प्याला एक तारीख नाही, लांबलचक पट्टा आहे. आधाराशिवाय बसणं जवळपास ४ ते ९ महिने. धरून उभं राहणं ५ ते साडेअकरा. हात-गुडघ्यांवर रांगणं ५ ते साडेतेरा. एकट्यानं चालणं ८ ते साडेसतरा. साडेदहाला चालणारी तुझी लेक या पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाजवळ होती. तिचं कौतुकच आहे, पण तिची वही म्हणजे मोजपट्टी नव्हे. ती एका मुलीची गोष्ट आहे.

आणि रांगण्याचं तर असं की त्याच अभ्यासातली शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०२२ मध्ये टप्प्यांची यादी नव्यानं केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. बुडावर सरकणारी मुलं आपल्याकडे घरोघरी असतात, आणि बरेचदा हे घराण्यात चालत येतं. सासूबाईंना एक नेमका प्रश्न विचार: 'हे लहानपणी रांगायचे का सरकायचे?' आपसूक वाढतं हे त्यांचं म्हणणं सोडून दे, पण त्यांच्या आठवणीत तुझ्या कामाचं बरंच काही असेल. एवढं मात्र ध्यानात ठेव, बुडावर सरकणारी मुलं चालायलाही उशीर लावतात. तेव्हा वर्षाच्या वाढदिवसाला पाऊल पडलं नाही म्हणून पुन्हा वही काढून बसू नकोस.

आता दुसरी बाजू, कारण 'आपसूक वाढतं' हे मला अजिबात मान्य नाही. माझ्या बहिणीचा धाकटा अतिशय शांत बाळ होता. घरात तीन पोरं, भांडी, टीव्ही, येणंजाणं, आणि हा आपला गोधडीवर पडून हसतोय. सगळे म्हणायचे, केवढं शहाणं लेकरू, गोंधळातसुद्धा झोपतं. बहिणीला एकदा शंका आली, तिनं दवाखान्यात विचारलं, 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून तिला परत पाठवलं. सव्वा वर्षाचा असताना त्याच्या पाठीमागे ओट्यावरून परात पडली. बाकीची दोन्ही पोरं दचकून रडायला लागली, आणि हा समोरच्या चेंडूकडेच बघत राहिला. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना एकदम कळलं. कानाला मशीन लागलं, पुढे तो छान बोलायला लागला, पण ते गेलेलं वर्ष माझ्या बहिणीच्या मनातून अजून गेलेलं नाही. दुसरं बाळ मोठ्या भावंडांच्या गलक्यात झाकलं जातं. म्हणून त्याच्याकडे उलट जरा जास्तच बारकाईनं बघायला हवं.

काय बघायचं ते सांगते. हाक मारल्यावर वळतो का. बा-बा, दा-दा, मा-मा असे आवाज काढत बडबडतो का. दोन्ही हात सारखे वापरतो का, कारण वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल आणि दुसरा मुठीत राहत असेल तर ते डावरेपण समजून सोडायचं नाही, दाखवायचं. सरकताना एकच पाय ओढतो का, दुसरा तसाच राहतो का. काखेत धरून उभा केलास तर पाय लाकडासारखे ताठ होतात किंवा अगदी चिंधीसारखे लुळे पडतात का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आधी येत असलेलं काही विसरलाय का. यातलं काहीही दिसलं तर वाढदिवसाची वाट बघू नकोस, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. काहीच दिसलं नाही तरी सरकणारं बाळ आहे म्हणून एकदा खुब्याचे सांधे आणि पायांची ताकद तपासून घे, पुढच्या लसीच्या वेळी केलंस तरी चालेल. आणि दीड वर्षाचा होऊनही चालला नाही तर पुन्हा दाखव, घराण्यात आहे म्हणून थांबू नकोस.

त्यासाठी सांगली-मिरजेला धावायलाच हवं असं नाही. आशाताई नवव्या आणि बाराव्या महिन्यात घरी येऊन बाळाची वाढ बघतात, ते त्यांच्या कामातच आहे. आल्या नसतील तर निरोप पाठव. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात डॉक्टर असतात. काही शंका वाटली तर पुढच्या तपासण्यांसाठी तेच पाठवतात. आणि लसीचं ते माता-बाल कार्ड, ज्यात वजनाचे ठिपके असतात, ते उघडून बघ. नोंद नाही म्हणतेस, पण गेल्या दहा महिन्यांची एक वही तुझ्या कपाटात आहेच. त्यातली ठिपक्यांची रेघ वर चढती असेल तर 'बारीक दिसतो' असं कुणी म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नकोस.

वॉकर आजच माळ्यावर टाक. दीरांनी प्रेमानं आणलाय, त्यांना वाईट वाटू देऊ नकोस, पण त्यात बसवू नकोस. चाकांच्या वॉकरमध्ये बाळ नुसतं बोटांवर ढकललं जातं, तोल सांभाळायला शिकत नाही, चालणं उलट लांबतं. शिवाय तुमच्या घराला उंबरा आहे, पायऱ्या असतील, चूल किंवा गॅस खाली असेल. कॅनडानं २००४ मध्ये या वॉकरवर बंदीच घातली, ती पायऱ्यांवरून पडलेल्या मुलांमुळे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल आपल्या पायांवर उभं राहून ढकलतं. पण तोही तो स्वतः उभा राहायला लागल्यावर, आणि तू शेजारी असताना.

त्याला खरी गरज जमिनीची आहे. दोन मुलांच्या घरात धाकटा दिवसभर कडेवर, झोळीत नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर असतो, कारण खाली ठेवला की दीदीचे खेळ तोंडात घालतो. सकाळी ती शाळेत गेली की वाकळ अंथर, पायमोजे काढ, आणि स्टीलची वाटी त्याच्या हाताला येईल न येईल अशी बाजूला ठेव. समोर ठेवलीस तर सरकत येईल. बाजूला ठेवलीस तर त्याला वळावं लागेल, हात टेकावा लागेल, बूड उचलावं लागेल. घरात लोखंडी पेटी किंवा बुटका दिवाण असेल तर त्यावर तीच वाटी ठेव, धरून उठायचा प्रयत्न करेल. अर्धा-पाऊण तास पुरे. दीदी आल्यावर तिला त्याच्यापुढे रांगायला लाव. तुझ्या शंभर हाकांपेक्षा तिच्या मागे जाण्यात त्याला जास्त रस आहे, हे तूच लिहिलंयस.

आता तुझ्याबद्दल. दुर्लक्ष झालं का, असं विचारतेस. दुर्लक्ष करणाऱ्या आईला मूल चुरमुरा कोणत्या बोटांनी उचलतं ते माहीत नसतं. थोरलीच्या वेळी तुझ्याकडे एक बाळ आणि एक वही होती. या वेळी टाक्यांचं दुखणं, वेळेआधी आलेलं नाजूक बाळ, साडेतीन वर्षांची लेक आणि बागेत अडकलेला नवरा. पेन उचलायला हातच रिकामा नव्हता. पण रोज रात्री जाग येऊन रडणं मला साधं वाटत नाही. बाळ झाल्यावर पहिल्या वर्षात कधीही मन असं खचू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं असेल, खाणं-झोप गेली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री दोनलासुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. मनात स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलतंसलतं येत असेल तर सकाळची वाट न बघता कुणाला तरी उठव. आणि हे उत्तर यजमानांना वाचायला दे. फवारणी एक दिवस पुढे गेली तर बाग बुडत नाही. आठवड्यातला एक दवाखान्याचा दिवस आणि रोजचा रात्रीचा एक तास त्यांच्याकडे लाव.

तारखांची हळहळ राहिलीच असेल तर मोबाईलची गॅलरी उघड. फोटोला तारीख असतेच. गणपतीतल्या आरतीचे व्हिडिओ चाळ, मागे कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाशी तो बसलेला दिसेल. जाऊबाईंच्या फोनमध्येही सापडेल. मिळेल ते लिही, न मिळेल ते जाऊ दे. फक्त त्याच्यासाठी नवी वही घे, थोरलीच्या वहीत मागच्या पानांवर लिहू नकोस. पहिल्या पानावर चुरमुऱ्याचं लिही.

संक्रांतीनंतर त्याचं बोरन्हाण करशील तेव्हा डोक्यावरून चुरमुरेच ओत. बोरं, शेंगदाणे, हलवा आणि उसाचे करवे त्याच्या पाटापासून लांब मोठ्या मुलांसाठी ठेव, या वयात ते घशात अडकतात. आणि मग मला कळव, सांडलेल्या चुरमुऱ्यांपर्यंत तो कसा पोचला ते.