एमआरआय काढून नैराश्य कळेल का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची शिक्षिका आहे. तीन महिन्यांपूर्वी पालकसभेत मुख्याध्यापिका सर्वांसमोर म्हणाल्या, "तुमचं वर्गाकडे लक्षच नसतं." तेव्हापासून रात्री भांडी घासताना तेच वाक्य डोक्यात घोळते. झोप उडाली आहे, कशात मन लागत नाही. यजमान म्हणतात, विचार करू नकोस. नैराश्य मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसते असे वाचले. एमआरआय काढू का? मेंदू बिघडला असेल तर निदान कळेल तरी. – एक वाचक

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यातच तुमची खरी भीती आहे, म्हणून आधी स्कॅनविषयीच लिहिते.

अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे मांडले की, आपण हातावर हात ठेवून बसतो तेव्हाही मेंदूचे काही ठरावीक भाग आपसांत जुळून कामात असतात. माणूस स्वतःविषयी विचार करतो तेव्हा हेच भाग विशेष जागे असतात. नैराश्य असलेल्यांमध्ये या भागांच्या जाळ्याचा कपाळामागच्या खोल भागाशी संबंध अधिक घट्ट असतो आणि तो मनातल्या रवंथाशी, म्हणजे तेच तेच दुःख घोळवत राहण्याशी, जोडलेला असतो, असे काही अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. शिवाय ही सारी गटांची सरासरी आहे. जर्मनीत नैराश्याचे ८६१ रुग्ण आणि ९४८ निरोगी व्यक्ती यांची तुलना करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांची मेंदूची मोजमापे ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर बसली, आणि एखाद्या मोजमापावरून रुग्ण ओळखण्याचा प्रयत्न जेमतेम ५४ ते ५६ टक्के वेळा बरोबर आला. नाणे उडवले तरी निम्मे बरोबर येतेच! तेव्हा यासाठी पैसे घालवू नका. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, तर गोष्ट वेगळी.

रवंथाची सवय ओळखायला यंत्र लागत नाही. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी योगायोगाने विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. ज्यांना आधीपासून दुःख घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणे अधिक आढळली.

'विचार करू नकोस' या सल्ल्यामागे माया असेल, पण तो पाळता येत नाही. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांचा भर प्रश्नाचे रूप बदलण्यावर आहे. "माझ्याच वाट्याला हे का?" या प्रश्नाला तळ नाही. त्याऐवजी, त्या दिवशी नेमके काय घडले, मुख्याध्यापिकांना कोणत्या वर्गाविषयी बोलायचे होते, उद्या मधल्या सुट्टीत त्यांना कोणते एक वाक्य विचारता येईल, असे विचारा. दळण सुरू होते ते मोरीपाशी, हे तुम्हीच लिहिले आहे. तिथे ते वाक्य आले की हात पुसून दोन ओळी कागदावर उतरवा आणि मग उरलेली भांडी घ्या. काही दिवस भांडी यजमानांनी घासली तरी माझी हरकत नाही.

मात्र तीन महिने झोप नाही आणि मन लागत नाही, हे घरगुती उपायांवर सोडू नका. या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. तोवर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटू लागले, तर वेळ ठरण्याची वाट न पाहता यजमानांना सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. तपासणीला जाताना तो मोरीजवळचा कागद घेऊन जा. डॉक्टरांना तो स्कॅनपेक्षा अधिक सांगेल.