एक्स बॉयफ्रेंडने पैशांचा दिलेला शब्द फिरवला, तर कोर्टात जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गोरेगावात अडीच वर्षं एकत्र राहिलात, गेल्या वर्षी वेगळे झालात. तुम्ही निघताना त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल केलं, ‘नऊ महिने दर महिन्याला दहा हजार टाकतो, तू सेट हो.’ दोनदा आले, मग ब्लॉक. तो अजून त्याच घरात आहे. आणि जाता जाता एक ओळ, की डिपॉझिट 1 लाख 80 हजार होतं, निम्मं तुम्ही भरलेलं.

मी वकील नाही. फोर्टला एका वकीलसाहेबांकडे टायपिंग आणि फायलिंग करते, त्यामुळे असले कागद रोज हाताखालून जातात.

तुमच्या प्रश्नात ‘मदत’ पाच वेळा आलीय आणि डिपॉझिट एकदाच. इथेच गडबड आहे. नुसत्या मदतीच्या शब्दावर कोर्ट सहसा पैसे मिळवून देत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 म्हणतं, मोबदल्याशिवाय करार रद्दबातल. जवळच्या नात्यात मायेपोटी केलेला, लेखी आणि रजिस्टर केलेला करार चालतो, पण एक्स काही नातेवाईक नव्हे. अहो, बायकोचंसुद्धा एकदा चाललं नाही! 1900 साली कलकत्ता हायकोर्टात प्रकरण होतं. भांडणांना कंटाळून नवऱ्याने वेगळं राहण्यासाठी पैसे देण्याचा करार रजिस्टर करून दिलेला. कोर्टाला त्या कागदात भांडणंच दिसली, माया दिसली नाही.

आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जपून ठेवलेला शंभरचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का, ‘स्वखुशीने दरमहा देईन’. साहेबांनी एकच विचारलं, ‘बदल्यात तुम्ही काय दिलंत?’ त्या म्हणाल्या, ‘काही नाही, त्यालाच वाईट वाटत होतं.’ साहेबांनी कागद घडी घालून परत दिला.

आता नऊ महिने गुणिले दहा हजार करा. नव्वद हजार. निम्मं डिपॉझिट किती? नव्वद हजार! हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. तो तुमचेच पैसे हप्त्याने परत करत होता आणि त्याला मदत म्हणत होता. तुम्हीही तेच धरून बसलात. बाकी राहिले 70 हजार, आणि ते येणं म्हणून मागायचे.

त्यासाठी डिपॉझिट तुमच्या खात्यातून गेल्याचं बँक स्टेटमेंट काढा. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं.

पोलीस स्टेशनला ‘सिव्हिल मॅटर आहे’ असं ऐकायला मिळेल, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पहिल्यापासून फसवायचाच इरादा होता हे दिसल्याशिवाय ती फसवणूक होत नाही. नवरा-बायकोसारखा एकत्र संसार असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा मार्ग असतो, पण त्यात छळही दाखवावा लागतो, आणि पैसे बुडवणं हा आर्थिक छळ ठरेल का, हे वकिलाला विचारा.

70 हजारांसाठी दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा आधी वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टाने. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नोटिशीत ‘मदत’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.

आणि आजच लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून बघा, तुमचं नाव आहे का आणि तो कधी संपतो. संपायच्या आत घरमालकाला लेखी कळवा, की अर्धं डिपॉझिट माझं आहे. एकदा ते त्याच्या खात्यात गेलं, की तुमच्या हातात फक्त चॅट उरेल.