गाडीचं दुखणं : गार इंजिन आणि फिरता पंखा

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी अकरा वर्षांची आहे. महिनाभर झालं, सकाळी चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा लगेच चालू. काळा धूर, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज पंधरावरून दहावर. एक मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : थर्मोस्टॅटवाल्याला तूर्त चहा पाजून परत पाठवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला, तर कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तापमानाचा काटा खाली येईल. पण गार इंजिनावर पंखा लावणं हे त्याचं काम नाही. ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची खबर पटली नाही, की बऱ्याच गाड्यांत तो खबरदारी म्हणून पंखा चालूच ठेवतो. वर इंजिन गारठलंय असं समजून पेट्रोलही जास्त सोडतो. तुमचा काळा धूर त्यातला.

तरी नाना पेठेत सेन्सर आणायला पळू नका. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी स्टार्ट न करता नुसती चावी ऑन करून मेकॅनिकला स्कॅनर (ईसीएममधले आकडे दाखवणारं यंत्र) लावायला सांगा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. कूलंट उणे 40 दाखवत असेल, तर धायरीत बर्फ पडलेला नाही. कुठंतरी सर्किट तुटलंय. चावी बंद करून कनेक्टर काढा, दोनच पिना असतील तर गाडीकडच्या बाजूला त्या वायरच्या तुकड्यानं जोडा, परत चावी ऑन. आकडा शंभरच्या पार गेला, तर वायरिंग ठीक, सेन्सर गेला. उणे 40 वरून हललाच नाही, तर वायर शोधा.

मी स्वतः एकदा एकाच गाडीचे दोन सेन्सर बदलले होते. दोष निघाला कनेक्टरच्या पिनेवरच्या हिरव्या गंजाचा! गिऱ्हाइकाला दुसऱ्याचे पैसे परत दिले, काय करणार.

मल्टिमीटर असेल, तर काढलेला सेन्सर पाण्याच्या पातेल्यात सोडून बघा. बहुतेकांचा रेझिस्टन्स गार असताना दोन-तीन हजार ओहम असतो, उकळत्या पाण्यात दोनशेच्या आसपास. पाणी तापवत नेताना हा आकडा हळूहळू उतरायला हवा, मध्येच उडी मारली, तर सेन्सर बाद. पातेलं मात्र चहाचं घेऊ नका, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.

सेन्सर काढायचा तो इंजिन पूर्ण गार असतानाच. थोडं कूलंट सांडेलच, तेवढं भरून हवा काढून घ्या.