पत्रकातला तिसरा परिच्छेद

प्रिय बाबू,

तुझ्या पत्रकाचा कच्चा मसुदा वाचला. भाषा चांगली जमली आहे. पहिले दोन परिच्छेद तसेच राहू दे, तिसरा मात्र पूर्ण खोड. ‘आमचा हक्क गोंड पुढाऱ्यांनी अडवला’ हे वाक्य गोवारी युवकांच्या सहीनं एकदा छापलं गेलं की पुसता येणार नाही. शिवाय ते खरंही नाही. अडवायचा अधिकारच त्यांच्याकडे नाही.

गोवारींना अनुसूचित जमातींच्या यादीत घ्या, ही आपली मागणी. त्या यादीचं प्रकरण आधी नीट समजून घे, कारण मंचावर गरजणाऱ्या आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नसतं. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि एकदा निघालेल्या यादीत भर घालणं किंवा त्यातून वगळणं फक्त संसदेला करता येतं. घटनेचं ३४२वं कलम काढून वाच. राज्यानं शिफारस करायची, दिल्लीत जनगणनेच्या महानिबंधकांचं कार्यालय आणि जमाती आयोग ती तपासणार, त्यानंतर विधेयक. १४ ऑगस्ट २०१८ ला नागपूर खंडपीठानं आपल्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा केवढा आनंद झाला होता. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. यादीतली ‘गोंड गोवारी’ ही नोंद जशी आहे तशीच वाचायची, नुसता गोवारी तिच्यात आपोआप येत नाही, आणि यादीत फेरफार करणं हे कोर्टाचं काम नाही, असा त्याचा मथितार्थ. मधल्या काळात ज्या पोरापोरींना प्रवेश किंवा नोकरी मिळाली, तेवढं कोर्टानं राखलं. म्हणजे आता दार ठोठवायचं ते मुंबईचं आणि दिल्लीचं. टोल्यावरच्या गोंड मडाव्याच्या घरावर मोर्चा नेऊन काय मिळणार?

मडावी का दचकतो तेही बघ. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी ९.३५ टक्के, राज्याच्या नोकऱ्यांत त्यांचं आरक्षण ७ टक्के. त्यातही खोट्या दाखल्यांवर कितीतरी जागा लाटल्या गेल्या. दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरीही टिकणार नाही, हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं. इतकं सोसलेला माणूस नव्या मागणीकडे संशयानं बघणारच. उद्या आपण यादीत गेलो आणि मागून आणखी कोणी आलं, तर आपणही असंच करू. मी आपल्या लोकांना चांगला ओळखून आहे. म्हणून खोडलेल्या परिच्छेदाच्या जागी हे लिही: आमचा समावेश करा आणि त्या प्रमाणात जमातींचा टक्काही वाढवा, आज जे यादीत आहेत त्यांच्या ताटातलं आम्हाला नको. या मागणीवर गोंड संघटनांचे लोक निदान बोलायला तरी बसतील. कदाचित नाहीही बसणार. तरी जाऊन भेट, आणि पत्रक छापण्याआधी भेट.

आता तुझ्या कॉलेजातल्या सरांचं. जातीजमातींच्या संघटनांनी देश फुटतो, असं ते म्हणाले आणि तू गप्प बसलास. आधार म्हणून त्यांनी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण सांगितलं. जाती राष्ट्रविरोधी आहेत असं बाबासाहेब त्यात म्हणाले, हे खरं आहे. पण त्याच भाषणात ते असंही म्हणाले, की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपल्याकडे समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमता सोसणारेच लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील. सरांनी पहिलं वाचलं, दुसरं गाळलं. आणि गंमत अशी की हेच सर वेगळ्या विदर्भाच्या सभेला आवर्जून जातात! जावोत बापडे, मला त्यात काही वावगं वाटत नाही. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्येच विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. तेव्हापासून लोक मागताहेत, सरकार देत नाही, आणि देश जागच्या जागी आहे.

मागण्यानं देश फुटत नाही, हे सरांना उदाहरणानं सांग. १९५६ साली श्रीलंकेनं एकट्या सिंहलीला राजभाषा केलं. त्याच वर्षी आपण भाषावार राज्यं केली. आपल्याकडेही तेव्हा पुष्कळांना वाटत होतं की आता देशाचे तुकडे होणार. पुढे तिकडे तमिळ प्रश्नावरून कित्येक वर्षं यादवी चालली, ती २००९ मध्ये थांबली. आपल्याकडे भाषेवरून भांडणं झाली, बेळगावचं अजून चालू आहे, पण तसं काही झालं नाही.

मिझोरमची गोष्ट तर आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला चटकन कळेल. १९५९ मध्ये तिथल्या डोंगरांत बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं गेली, दुष्काळ पडला. लोकांना धान्य पोचवायला एक संघटना निघाली. सरकारकडून मदत पुरेशी आली नाही, राग साठत गेला, आणि १९६१ मध्ये त्याच संघटनेची मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ मध्ये तिनं बंड केलं आणि आपल्याच वायुदलाला ऐझॉलवर बॉम्ब टाकावे लागले. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये करार झाला. पुढच्या वर्षी राज्य मिळालं आणि बंडाचा नेता लालडेंगा भारताच्या घटनेची शपथ घेऊन त्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. धान्य वेळेवर पोचलं असतं तर बंड झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. इतिहास एवढा सरळ चालत नाही. पण ती संघटना निघाली होती ती उपाशी माणसांसाठी.

तरी सर पुरते चुकले असंही समजू नकोस. मणिपूरमध्ये विषय अगदी आपलाच होता. खोऱ्यातल्या मैतेई समाजाला अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी, तिच्यावर उच्च न्यायालयाचा आदेश, आणि ३ मे २०२३ ला डोंगरातल्या जमातींच्या विद्यार्थी संघटनेचा विरोधी मोर्चा. त्याच दिवशी हिंसा पेटली. अडीचशेवर माणसं मेली, हजारो कुटुंबं छावण्यांत गेली. जमीन, जंगल, जुनी वैरं, अशी कारणं पुष्कळ होती, एका मागणीनं एवढं होत नाही. पण मागणीसोबत शेजाऱ्याचं नाव घ्यायची सवय लागलेली असली, की ठिणगी कुठून पडली हे कोणी विचारत नाही. मणिपूर लांबचं वाटत असेल तर पांढरकवड्याच्या पलीकडे तेलंगणातलं उटनूर बघ. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यानं तिथल्या लंबाड्यांना, म्हणजे बंजाऱ्यांना, यादीत घेतलं. गोंडांच्या मनातली सल गेली नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये दोन्ही समाज रस्त्यावर समोरासमोर आले. इंटरनेट बंद करावं लागलं होतं. त्या भागात दोघांची गावं लागून लागून आहेत, बाजार एकच.

आणखी एक, जे पत्रकात नाही. मागच्या बैठकीत एका पोरीनं समाजाबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या बापाला कार्यक्रमांना बोलवायचं नाही, असा विषय निघाला म्हणे. तू अध्यक्ष आहेस, तिथल्या तिथे का थांबवलं नाहीस? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. पण मी तुला कायद्याची भीती घालत नाही. संघटना सरकारपुढे उभं राहण्यासाठी काढली. सरकारपुढे काही जमलं नाही की ती घरातल्या पोरींवर राज्य करायला लागते. हे मी एकापेक्षा जास्त समाजांत पाहिलंय, सगळ्यांचं एकसारखंच असतं. तो ठराव वहीत लिहिला असेल तर पुढच्या बैठकीत रीतसर रद्द करा, आणि त्या बापाला तू स्वतः जाऊन बोलाव.

वर्गणीचं फार सांगत नाही. पावतीपुस्तक, बँकेत खातं, दोघांच्या सह्या. आणि नुसती यादी यादी करत बसू नका. १९९५ मध्ये आपल्याला विशेष मागास प्रवर्गात टाकलं, त्याचं दोन टक्के आरक्षण आहे. तालुक्यातली किती पोरं त्याचा दाखला काढतात, किती जणांचे शिष्यवृत्तीचे अर्ज कागदाअभावी परत येतात, हे गावोगाव फिरून विचारा. जनावरं राखायचं काम आता गेल्यात जमा आहे. आखर, म्हणजे गुरं जमायच्या जागा, ओस पडलेत, दिवाळीच्या गायगोधनाला पूजेची ढाल निघते पण तिच्यामागे चालायला गुरं किती उरलीत? ज्या घरात बाप गायकी, म्हणजे गुराखी, होता तिथलं पोरगं आज काय करतं, याची माहिती आपल्याकडेच नसेल तर मंत्रालयात काय दाखवणार?

२३ नोव्हेंबरला नागपूरला तू बोलणार आहेस, म्हणून शेवटी तेवढं सांगतो. १९९४ ला याच दिवशी तिथे आपली ११४ माणसं चेंगरून मेली, बहुतेक बाया आणि लेकरं. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं आणि आपले लोक निवेदन द्यायला गेले होते, बस, एवढंच. भाषणात हे नुसतं सांग, रडवू नकोस. घोषणा वीस जणांनी दिल्या तरी पुरतात, बाकीच्या पोरांना काम दे. गाड्या कुठे थांबतील हे पोलिसांना आदल्या आठवड्यात लेखी कळव आणि पोच घे. लेकरं घेऊन येणाऱ्या बाया बॅरिकेडजवळ नकोत, मोकळ्या बाजूला बसव. बाहेर पडायच्या दोन्ही वाटांवर आपली पोरं उभी कर, पाणी त्यांच्याजवळच ठेव. आणि गर्दी पुढे सरकायला लागली तर भाषण कोणाचंही चालू असो, माईक तू घे आणि लोकांना खाली बसव.

तुझा
गुरुजी